भंगार कोणाला म्हणता हो?

खडूस ड्रायव्हर:
काल एकाने लिहिलं की सिग्नलला शेजारी पंचवीस-तीस वर्षं जुनी छोटी गाडी उभी होती, बॉनेटचा रंग उडालेला, आरसा चिकटपट्टीने बांधलेला, आणि वर "असली भंगारं रस्त्यावर आणताना लाज कशी वाटत नाही?" रात्रभर डोक्यात राहिलं म्हणून लिहितोय. अरे बाबा, लाज कसली? स्वस्तातली गाडी झिजेपर्यंत वापरायलाच असते ना? बीटल घ्या, १९३८ ते २००३ बनत होती, दोन कोटींच्या वर बनल्या, त्या सगळ्या काय पुसून-पुसून चकचकीत ठेवल्या होत्या लोकांनी? ती गाडी धूर सोडत होती का, मध्येच बंद पडली का, ह्याबद्दल एक अक्षर नाही, फक्त दिसते कशी. माझीही तशीच आहे. मागचं एक दार वेगळ्या रंगाचं, दुसऱ्या गाडीचं काढून बसवलेलं. खिडकीच्या रबरात चक्क शेवाळ उगवलंय. पण ऑइल वेळच्या वेळी बदलतो आणि थंडीतही एका चावीत सुरू होते.

पार्किंगलाइट:
शेवाळाचं कौतुक सांगणारा माणूस पहिल्यांदाच बघितला. गाडी सुरू होते हो, थांबते का ते सांगा! ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग लांब उतारावर ते उकळलं की पेडल सरळ तळाला. जो शेवाळ घासत नाही तो ब्रेक ऑइल बदलत असेल ह्यावर माझा तरी विश्वास नाही.

खडूस ड्रायव्हर:
दीड वर्षापूर्वी बदललंय. पुढचा प्रश्न?

पार्किंगलाइट:
टायर.

स्टेपनी:
टायरचं नाव काढलंत म्हणून मध्ये पडते. आमच्या बाबांची गाडी वर्षाला हजारेक किलोमीटर चालायची, नक्षी नव्यासारखी, सगळे म्हणायचे अजून पाच वर्षं बघायला नको. नव्वदच्या स्पीडला मागचा टायर फुटला, गाडी दोन गिरक्या घेऊन उलट्या तोंडाने उभी राहिली. मी मागेच बसले होते. नंतर टायरच्या कडेला वाचलं तर शेवटचे चार आकडे २३०९, म्हणजे २००९ चा तेविसावा आठवडा. तेरा वर्षांचा टायर! पोटाला बारीक भेगा होत्या, त्या कुणी वाकून बघितल्याच नव्हत्या. रबर नुसतं उभं राहूनही म्हातारं होतं.

गिअरवाला:
हे तारखेचं खूळ टायर विकणाऱ्यांनी काढलंय. नक्षी आहे ना, मग चालवा. माझे अकरा वर्षांचे आहेत, काही झालं नाही.

स्टेपनी:
आमच्याही बाबांना तेरा वर्षं काहीच झालं नव्हतं.

गिअरवाला:
तुम्हाला कमिशन मिळतं का टायरमागे? आणि "नवीन" म्हणून देतात तोच दोन-तीन वर्षं पडून असतो, त्याचं काय? मी एकदा घरी येऊन आकडे वाचले, परत घेऊन गेलो तर दुकानदार म्हणतो साहेब एवढं कोण बघतं!

स्टेपनी:
कमिशन काय, तोंड सांभाळून बोला. सावलीत पडून राहिलेला आणि उन्हात गाडीच्या वजनाखाली दबलेला ह्यात फरक आहे की नाही? बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात, नक्षी असली तरी दहा वर्षांनी काढा. आणि तारीख जर खूळ, तर तुम्ही तो टायर परत द्यायला का गेला होतात?

सीटबेल्ट:
टायर बदलता येतील हो, पत्र्याचं काय करणार? रोव्हर १०० ही छोटी ब्रिटिश गाडी घ्या, मूळ डिझाइन १९८० चं. १९९७ मध्ये युरो एनकॅपने, म्हणजे गाड्या धडकवून सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरोपातल्या संस्थेने, धडकवून बघितली, एकच स्टार मिळाला, थोड्याच काळात गाडी बंदही झाली. गाडी नवीकोरी होती बरं का, एक ओरखडा नाही! तुमच्यात तर वरून गंज. खालचा सांगाडा सडला असेल तर धडकेत उरतं काय? नुसतं ऑइल बदलून एअरबॅग उगवत नाही.

स्क्रीनद्वेष्टा:
त्यापेक्षा नवीन गाड्यांचं बोला. एसी कमी करायला स्क्रीनमध्ये तीनदा बोट घालायचं, तोवर समोरच्याला ठोकाल. जुन्यात गोल बटण होतं, न बघता फिरवायचो.

सीटबेल्ट:
विषय काय, आपण बोलताय काय!

खडूस ड्रायव्हर:
धडकेचं मान्य. नाइलाजाने मान्य, कारण माझ्या गाडीत एअरबॅग नाही हे मलाही माहीत आहे आणि म्हणूनच मी साठच्या वर जात नाही, मागचे हॉर्न वाजवतात ते वाजवू देत. पण मूळ पोस्टवाल्याला कुठे सांगाड्याची काळजी होती? त्याला रंग खटकला. नवीन घ्यायची ऐपत नसेल त्या माणसाची, हप्ते नको असतील, काहीही असेल. वाकून टायरचे आकडे वाचले असते आणि काच खाली करून सांगितलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

पार्किंगलाइट:
पाया नंतर पडा, आधी स्वतःचे आकडे वाचा.

खडूस ड्रायव्हर:
आत्ताच खाली जाऊन मोबाइलच्या उजेडात बघून आलो. चारही टायर चार वर्षांच्या आतले. झालं समाधान?

पार्किंगलाइट:
आणि डिकीतला?

खडूस ड्रायव्हर:
थांबा.

खडूस ड्रायव्हर:
ह्याच्यावर शेवटी तीनच आकडे आहेत. एक पुसला गेलाय का?

स्टेपनी:
नाही. तीन आकडे म्हणजे २००० च्या आधीचा.