फोन त्यांचा, मांडणी कोणाची?

पाटीपेन्सिल (धागाकर्ते)

माझ्या वडिलांचे वय ७८ आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या अँड्रॉइड फोनवरून व्हॉट्सॲप ‘गेले’. प्रत्यक्षात झाले होते एवढेच की, त्यांचे बोट त्या चिन्हावर क्षणभर जास्त टेकले, चिन्ह सुटे झाले आणि बोट सरकता सरकता ते पडद्याच्या कडेला उमटलेल्या ‘काढून टाका’ या शब्दांवर जाऊन पडले. ॲप फोनमध्ये जागच्या जागी होते, फक्त होम स्क्रीनवरची त्याची जागा गेली होती; पण वडिलांच्या लेखी ॲप गेले आणि त्याबरोबर नातवाचे फोटोही गेले. दोन दिवस त्यांनी कोणाला सांगितलेसुद्धा नाही, कारण आपण काहीतरी बिघडवले असे त्यांना वाटत होते.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. होम स्क्रीन हवी तशी मांडण्याची मोकळीक हे अँड्रॉइडचे भूषण मानले जाते, परंतु ज्याला ती नको आहे त्याच्यावरही ती पहिल्या दिवसापासून लादलेली असते. मांडणी ठरवणे हे रचनाकाराचे काम आहे आणि ते त्याने वापरणाऱ्याच्या गळ्यात टाकू नये. आपली मते वाचायला आवडतील.

डावखुरा

वडिलांबद्दल वाईट वाटले, पण निष्कर्षाशी असहमत. रचनाकाराने एकदाच ठरवावे असे आपण म्हणता, तेव्हा तो कोणाचा हात डोळ्यांसमोर ठेवून ठरवणार हा प्रश्न उरतोच. मी फोन डाव्या हातात धरतो आणि माझा अंगठा डाव्या बाजूच्या खालच्या भागातच सहज पोहोचतो. आयफोन २००७ साली आला, तरी त्याच्या होम स्क्रीनवर वरच्या ओळी मोकळ्या सोडून चिन्हे खाली, हव्या त्या जागी ठेवायची सोय अधिकृतपणे मिळाली ती २०२४ मध्ये, आयओएस १८ या त्याच्या कार्यप्रणालीच्या आवृत्तीबरोबर. त्याआधी चिन्हे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आपोआप ओळीने लागत. दिसायला साधे, नेटके, पण माझ्या अंगठ्याला ती शिस्त सतरा वर्षे गैरसोयीची होती. कीबोर्डचेही तेच. पडद्यावरचा कीबोर्ड बदलून दुसऱ्या कंपनीचा बसवायची मुभा आयफोनने २०१४ मध्ये, आयओएस ८ पासून दिली. तोवर मराठी लिहिणाऱ्याने जे पुढ्यात येईल ते गोड मानून घ्यायचे होते.

पाटीपेन्सिल

आपल्या अंगठ्याची अडचण खरी आहे. मात्र पर्यायांनाही किंमत असते. मानसशास्त्रातला हिकचा नियम १९५२ पासून सांगत आला आहे की, समोरचे पर्याय वाढले की निवड करायला लागणारा वेळही वाढतो. सेटिंग्ज उघडून पाहा; हवी ती गोष्ट तिथे असतेच, पण प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये ती वेगळ्या नावाने, वेगळ्या कप्प्यात दडलेली असते.

डावखुरा

हिकचा नियम इथे अर्धाच लागू पडतो. तो निवड करण्याच्या क्षणाबद्दल आहे, हाताला पाठ झालेल्या जागेबद्दल नाही. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्यातली हळद कोणत्या वाटीत आहे हे गृहिणी रोज ‘निवडत’ नाही. डबा तिने एकदा लावलेला असतो आणि पुढे हात आपोआप तिथे जातो. तोच डबा शेजारणीने लावून दिला तर काय होईल, याची कल्पना करावी.

सांजवेळ

दोघेही साधेपणा म्हणजे पडद्यावर कमी गोष्टी असणे असे धरून चालला आहात, आणि मला खोट तिथेच दिसते. आयफोन एक्सने २०१७ मध्ये होमचे बटण काढून टाकले. अँड्रॉइड १० मध्ये, २०१९ साली, खालच्या पट्टीवरच्या बटणांऐवजी बोट सरकवून सगळा वावर करण्याची पद्धत आली. पडदा स्वच्छ झाला खरा, पण मागे कसे जायचे हे सांगणारी खूणही गेली. माझ्या मावशीला मी ते सरकवणे तीन वेळा शिकवले. तिचे बोट कधी कडेच्या फार आत सुरू व्हायचे, कधी अर्ध्यावर थांबायचे, आणि ती वैतागून फोन बंद करून पुन्हा चालू करायची. शेवटी सेटिंग्जमध्ये जाऊन तीन बटणांची जुनी पट्टी परत आणली आणि प्रश्न मिटला. म्हणजे तिच्यासाठी फोन सोपा झाला तो निवडीची सोय शिल्लक होती म्हणूनच. २०१३ च्या आयओएस ७ मध्येही बटणांच्या कडा काढून नुसते रंगीत शब्द ठेवले होते आणि पुढच्याच वर्षी, बटणांचे आकार पुन्हा दाखवणारा पर्याय सुलभतेच्या सेटिंग्जमध्ये द्यावा लागला.

पाटीपेन्सिल

सांजवेळ, हा मुद्दा मी मान्य करतो. कमी दिसणे म्हणजे सोपे असणे नव्हे. तरीही मावशींच्या गोष्टीत ती पट्टी परत आणली कोणी? आपण. ज्या घरात असे कोणी नाही, तिथे कंपनीने सुरुवातीला जे दिले तेच कायम राहते. म्हणून माझी मागणी एवढीच आहे की, मांडणीला कुलूप असावे आणि नव्या फोनवर ते लावलेलेच यावे. ज्याला हौस आहे त्याने उघडावे.

डावखुरा

कुलूप बऱ्याच फोनमध्ये आहे, लावलेले मात्र नसते. एवढ्यापुरता आपल्याशी सहमत. पण वडिलांचे मूळ दुखणे वेगळे वाटते. त्यांचे बोट सावकाश उठते आणि फोन त्याला ‘दाबून धरले’ असे समजतो. अँड्रॉइडच्या सुलभतेच्या सेटिंग्जमध्ये, किती वेळ दाबले म्हणजे दाबून धरले मानायचे, हे वाढवता येते. तेवढे करून पाहावे. आणि एक राहिलेच: एवढ्या प्रतिसादांत वडिलांना काय हवे हे कोणी विचारले का?

पाटीपेन्सिल

काल वेळ वाढवून दिली आणि विचारलेही. मला वाटले होते, मोठी अक्षरे मागतील. त्यांनी पडद्यावरचा नातवाचा फोटो दाखवला आणि म्हणाले, “याच्या तोंडावर ते हवामानाचे काहीतरी बसलेय, ते हलव.” मग हवामानाचे विजेट काढले, सहाच्या सहा चिन्हे खालच्या दोन ओळींत घेतली, मधली जागा मोकळी सोडली. त्यानंतर कुलूप लावले आहे, आणि ते मी काढणार नाही.