दोघांनी मिळून केलेल्या गेमच्या निर्मितीची नोंद कशी ठेवावी?

ऐरोली_खाडीकाठ:

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो, दिवसा नोकरी करतो आणि गेली सव्वादोन वर्षे रात्री जेवणानंतरच्या दोन तासांत एक छोटा द्विमितीय गेम तयार करतो आहे. त्यातली सगळी चित्रे कळव्याला राहणारी माझी मावसबहीण काढते. गेम ठाण्याच्या खाडीवर आहे. खेळणारा एक लहान होडी घेऊन तिवरांमधल्या अरुंद फाट्यांतून वाट काढतो, आणि पाणी चढेल-उतरेल तशा वाटा उघडतात किंवा बंद होतात. खऱ्या खाडीत दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते; आमच्या गेममध्ये ते चक्र सात मिनिटांचे आहे.

ही सात मिनिटे आम्ही का ठरवली, ते मला आठवत नव्हते. गेल्या महिन्यात पाणी फारच संथ चढते असे वाटून मी चक्र पाच मिनिटांवर आणले, आणि तिसऱ्या लेव्हलमध्ये होडी पुलाखाली पोहोचण्याआधीच चिखलात रुतू लागली. दोन रात्री मी होडीच्या कोडमध्ये दोष शोधत बसलो. शेवटी एक जुने बिल्ड, म्हणजे गेमची तेव्हाची चालती प्रत, उघडून पाहिले तेव्हा लक्षात आले, की वर्षभरापूर्वी मी नेमका हाच बदल केला होता आणि नेमक्या याच कारणासाठी तो मागेही घेतला होता. त्या दिवशीच्या कमिटच्या, म्हणजे कोडमधला बदल जतन करतानाच्या, संदेशात मी 'भरती दुरुस्त' एवढे दोनच शब्द लिहिले होते.

आता नोंदी नीट ठेवायच्या असे आम्ही दोघांनी ठरवले आहे, पण हातात वेळ थोडा असल्यामुळे काय लिहावे आणि काय सोडून द्यावे हे कळत नाही. लोकांसाठी डेव्हलॉग, म्हणजे गेम कसा घडतो आहे याचे जाहीर टिपण, लिहिला तर वेगळ्या वहीची गरज उरते का? आणि जी दोन वर्षे नोंदींवाचून गेली, त्यांचे काय करावे? ज्यांनी गेम पूर्ण करून बाहेर आणला आहे, त्यांनी कृपया अनुभवातून सांगावे.

मासुंदा_काठ:

मी ठाण्यात राहतो आणि आजवर दोन लहान गेम प्रकाशित केले आहेत. तुमची 'भरती दुरुस्त' ही ओळ वाचून माझ्या पहिल्या गेमची आठवण झाली, कारण त्यातही अशाच ओळी शेकड्यांनी आहेत. गिट या कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या साधनामुळे कोणती ओळ कोणत्या तारखेला कोणी बदलली ते कळते. ती का बदलली, आणि त्याआधी कोणते तीन उपाय करून पाहून टाकून दिले, हे मात्र आपण लिहिल्याशिवाय कुठेही उरत नाही. म्हणून काय लिहावे याचे माझे उत्तर एकच आहे: कारण लिहावे, आणि ते त्याच रात्री लिहावे, कारण आठवड्यानंतर आठवलेले कारण बहुतेकदा आपण नव्याने जुळवलेले असते.

माझ्या नोंदी चार-पाच ओळींच्या असतात. तुमच्या प्रसंगाची नोंद मी केली असती तर ती अशी झाली असती: 'भरतीचे चक्र पाच मिनिटे करून पाहिले. लेव्हल ३ मध्ये धक्क्यापासून पुलापर्यंत जायला नवख्या खेळाडूला सुमारे दीड मिनिट लागते. पाच मिनिटांच्या चक्रात तेवढ्या वेळात पाणी उतरून जाते. होडीचा वेग वाढवून पाहिला, पण मग लेव्हल १ फार सोपी होते. म्हणून पुन्हा सात. पुलाची जागा बदलली तर हा निर्णय पुन्हा तपासावा.' यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण निर्णय कोणत्या अटीवर टिकून आहे ते त्यातून कळते आणि पुढे तो मोडायला भीती वाटत नाही. नोंदीची फाइल कोडच्याच रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या साठ्यात, ठेवावी, म्हणजे ती हरवत नाही आणि त्या दिवसाच्या कोडशी जोडलेली राहते.

जुने बिल्ड तुम्ही उघडू शकलात हे तुमचे भाग्य आहे. माझा पहिला गेम गोडो या गेम बनवण्याच्या इंजिनाच्या तिसऱ्या आवृत्तीत होता. २०२३ च्या मार्चमध्ये गोडो ४.० आले, आणि तो प्रकल्प नव्या आवृत्तीत उघडला तेव्हा निम्मी दृश्ये हाताने दुरुस्त करावी लागली. तेव्हापासून मी दर महिन्याला एक चालते बिल्ड वेगळे ठेवतो, त्यासोबत इंजिनाची नेमकी आवृत्ती लिहितो, आणि खेळतानाचे दोन मिनिटांचे चित्रीकरणही ठेवतो, कारण बिल्ड चालेनासे झाले तरी चित्रीकरण पाहता येते.

यासंदर्भात 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी प्रसिद्ध केलेल्या या गेमचा मूळ कोड हरवला असेच समजले जात होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या, जाणकारांच्या मदतीने त्या वाचल्या गेल्या आणि कोड सर्वांसाठी खुला झाला. त्या काळात मेकनर रोजनिशी लिहीत असत. त्या संगणकाच्या मेमरीत आणखी एका पात्राची वेगळी चित्रे ठेवायला जागा उरली नव्हती, म्हणून राजपुत्राच्याच आकृतीवर प्रक्रिया करून त्याची छाया हा प्रतिस्पर्धी उभा राहिला. नुसता कोड वाचणाऱ्याला ती युक्ती दिसेल, पण तिच्यामागची अडचण आपल्याला माहीत आहे ती मेकनर यांनी ती सांगून ठेवली म्हणून.

डेव्हलॉगने वहीची जागा घेऊ नये. लोकांसाठी लिहिताना आपण नकळत यशस्वी झालेलेच मांडतो, आणि फसलेले प्रयोग, जे पुढे आपल्यालाच लागणार असतात, ते गळून पडतात. वही असेल तर डेव्हलॉग त्यातून निवडून महिन्याला एकदा सहज लिहून होतो.

नेरूळ_सेक्टर:

मी बेलापूरला सॉफ्टवेअर चाचणीचे काम करते आणि मित्रमंडळींच्या गेमच्या प्लेटेस्टच्या, म्हणजे इतरांना खेळायला देऊन घेतलेल्या चाचण्यांच्या, नोंदी घेते. वरच्या उत्तरात निर्णयाची नोंद नीट सांगितली आहे. त्याच्याआधीची पायरी, म्हणजे खेळणाऱ्याची नोंद, मी सांगते.

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एका गेमची चाचणी घेतली तेव्हा एक अकरा वर्षांचा मुलगा खेळत होता. त्याला विचारले तर 'छान आहे' एवढेच म्हणाला. पालकांच्या परवानगीने आम्ही फक्त स्क्रीन आणि त्याचे हात चित्रित केले होते. नंतर ते पाहिले तेव्हा दिसले की त्याने पहिल्या दोन मिनिटांत कोपऱ्यातल्या चंद्रावर चार वेळा बोट ठेवले होते, दर वेळी थोडे अधिक जोर देऊन, आणि नंतर बोट उचलून आईकडे पाहिले होते. तो चंद्र नुसती सजावट होती. मुलाला ते बटण वाटले होते. त्याच्या बोलण्यावर विसंबलो असतो तर हे आम्हाला कधीच कळले नसते.

म्हणून नोंद लिहिताना घडलेले आणि आपला निष्कर्ष यांची सरमिसळ करू नये. 'खेळाडू गोंधळला' हा निष्कर्ष आहे. '४० सेकंद होडी एकाच जागी, तीन वेळा डाव्या काठावर आपटली' ही नोंद आहे. निष्कर्ष पुढे बदलतो, पण अशी नोंद सहा महिन्यांनी वाचली तरी तिच्यातून वेगळे काही दिसू शकते. शक्य असेल तर ज्याने लेव्हल बनवली त्याने नोंद घेऊ नये. तो मध्येच समजावून सांगायला लागतो. तुमची लेव्हल बहिणीने पाहावी आणि तिच्या चित्रांच्या वेळी वही तुम्ही धरावी.

कोपरी_पूर्व:

मी गेमसाठी ध्वनी आणि संगीत करतो, त्यामुळे एका वेगळ्या नोंदीबद्दल लिहितो, जी बहुतेक छोटे गट प्रकाशनाच्या आदल्या आठवड्यापर्यंत ठेवत नाहीत. प्रत्येक आवाज, फाँट, चित्र आणि प्लगइन कुठून आले, कोणत्या परवान्यावर आले आणि कोणत्या तारखेला घेतले, याचा एक साधा तक्ता आजच सुरू करावा. स्वतः ध्वनिमुद्रण केले असेल तर जागा आणि वेळही लिहावी.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. जो गेम जगभर विकायचा आहे, त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नाही. एका गटासाठी मी तोंडी बोलण्यावर पाच धून केल्या होत्या. पुढे वाद झाला तेव्हा कोणाकडेच दाखवायला कागद नव्हता, आणि त्या धून आजही त्यांच्या किंवा माझ्या उपयोगाच्या नाहीत. बहीण घरचीच आहे हे खरे, पण म्हणूनच आत्ता, दोघेही आनंदाने काम करत असताना, कोणाचे काय आणि उत्पन्नाचा वाटा किती हे एका पानावर लिहून घ्यावे. मसुदा वकिलाला दाखवावा.

ऐरोली_खाडीकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मी कळव्याला गेलो आणि आम्ही दोघांनी दिवसभर यावरच काम केले. वाट्याचे पान लिहून झाले आहे; ते आता एका परिचित वकील बाईंकडे आहे. गेल्या दोन वर्षांच्या नोंदी आठवून लिहायच्या नाहीत असे ठरवले, कारण मासुंदा_काठ म्हणतात तशी ती कारणे आम्ही नव्याने जुळवली असती. त्याऐवजी त्या काळातले जे कागद, संदेश आणि बिल्ड खरोखर उरले आहेत, तेवढेच तारखेनुसार एका जागी लावत आहोत.

त्यात एक गोष्ट हाती लागली. बहीण पहिला आराखडा नेहमी कागदावर काढते, आणि तिच्या वह्या मी कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. त्या आता एकेक पान स्कॅन करत आहोत. पहिल्या लेव्हलमधले फ्लेमिंगो करडे आहेत, ते रंगवायचे राहून गेले असे समजून 'पक्षी गुलाबी करणे' हे काम मी चार महिन्यांपूर्वी यादीत घातले होते. तिच्या वहीत त्या पक्ष्यांच्या चित्राशेजारी पेन्सिलीने लिहिलेले सापडले: 'पिल्ले करडीच असतात, गुलाबी रंग पुढे खाण्यातून येतो. लेव्हल १ मध्ये करडे, शेवटच्या लेव्हलमध्ये तेच पक्षी गुलाबी.' मला हे तिने कधी सांगितले नव्हते, कारण मला ते ठाऊक आहे असे ती धरून चालली होती. यादीतले ते काम मी काल रात्री काढून टाकले आणि पेन्सिलीची ती ओळ तारखेसह नोंदींच्या फाइलमध्ये पहिली म्हणून उतरवली.