शब्दचर्चा : वहीतलं ‘शुद्ध’ आणि घरातलं ‘शुद्ध’

चोपडा

आठवीतल्या माझ्या मुलीला चाचणीत प्रश्न आला होता: ‘दूध हा शुद्ध पदार्थ आहे की मिश्रण? कारण द्या.’ तिनं लिहिलं, ‘शुद्ध पदार्थ, कारण आमच्या घरी म्हैस आहे आणि आई दुधात पाणी घालत नाही.’ उत्तरावर लाल फुली. पोर दोन दिवस गप्प होती. तिला वाटलं, बाईंनी आपल्या आईला खोटं ठरवलं. धार काढते मी, दुधाला पाणी लावत नाही मी, मग ते शुद्ध कसं नाही? विज्ञानाचं उत्तर पुस्तकात सापडेल, पण मला शब्दाबद्दल विचारायचं आहे. ‘शुद्ध’ या शब्दाचे मराठीत नेमके अर्थ किती?

नंदुरबार

ताई, अर्थ पुष्कळ. आखाजी कधी असते? वैशाख शुद्ध तृतीयेला. तिथे शुद्ध म्हणजे चंद्र वाढता असलेला पंधरवडा, त्याच्या उलट वद्य. ‘त्याची शुद्ध हरपली’ यात शुद्ध म्हणजे भान. शुद्धलेखनात नियमाला धरून असलेलं ते शुद्ध. दुधाच्या बाबतीत मात्र आपण ‘भेसळ नसलेलं’ एवढंच म्हणत असतो. आमच्याकडे अहिराणीत माणूस सरळ सांगतो, ‘दूधमा पानी नही शे.’ तुमच्या लेकीनं तेच लिहिलं.

शिरपूर

मी विज्ञान शिकवून निवृत्त झालो. ताई, मुलीला आधी सांगा की तुमच्या म्हशीचं दूध चोख आहे. त्याबद्दल प्रश्न नव्हताच. शब्दानं तिला फसवलं, आणि अशी मुलं मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

आपल्या बोलण्यात शुद्धच्या उलट अशुद्ध. रसायनशास्त्रात शुद्ध पदार्थाच्या उलट मिश्रण. सगळा घोळ इथे आहे. मिश्रण म्हणजे काही वाईट नव्हे, खोटं नव्हे, कमी प्रतीचं नव्हे. एकाहून जास्त पदार्थ आपापले गुण न सोडता एकत्र नांदतात, एवढंच. दुधात पाणी कोणी घालावं लागत नाही, म्हशीच्या कासेतूनच ते पाणी, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं, दुग्धशर्करा आणि क्षार घेऊन येतं. गाईच्या दुधात तर जवळपास 87 टक्के पाणीच असतं. सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवा, स्निग्धाचे गोल गोल थेंब वेगळे तरंगताना दिसतील. तुम्ही रोज साय काढता, म्हणजे घटक वेगळाच करता की.

शुद्ध पदार्थ दोनच जातींचे, मूलद्रव्य आणि संयुग. सोनं, तांबं, प्राणवायू ही मूलद्रव्यं. पाणी, साखर, मीठ ही संयुगं. संयुगात घटकांचं प्रमाण ठरलेलं असतं. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्राउस्ट यानं 1799 मध्ये तांब्याच्या संयुगांवर काम करून हे दाखवलं.

आता खानदेशातलं उदाहरण देतो. कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीत उडीद किती टाकायचे हे कोण ठरवतं? घरची म्हातारी. एका घरी चाराला एक, दुसऱ्या घरी उडीद जास्त, तरी दोन्हीकडे ते कळणंच. प्रमाण बदललं तरी नाव टिकतं, चव थोडी इकडेतिकडे होते. हे मिश्रण. पाण्यात असं चालत नाही. 1 ग्रॅम हायड्रोजनला 8 ग्रॅम ऑक्सिजन, तापीचं पाणी असो की विहिरीचं. तेच 1 ला 16 केलंत तर ते ‘जरा वेगळं पाणी’ राहत नाही, ते हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, जखम धुवायच्या बाटलीतलं. कळण्याची ही तुलना मी वर्गात दरवर्षी द्यायचो आणि मागच्या बाकावरची पोरंही मान हलवायची.

चोपडा

सर, कळण्याचं लगेच कळलं. पण पीठ दळून आणल्यावर ज्वारी कुठली आणि उडीद कुठला हे चाळणीलाही सांगता येत नाही. करडं, एकजिनसी पीठ होतं. एकजिनसी म्हणजेच शुद्ध ना?

शिरपूर

हा प्रश्न सोन्यासारखा आहे. जिन्नस म्हणजे वस्तू, जात. शब्द फोडला तर एकजिनसी म्हणजे ‘एकाच जातीचं’, म्हणजे अगदी शुद्ध पदार्थच! पण भाषेत तो शब्द वेगळ्या वाटेनं गेला. आपण इडलीचं पीठ एकजिनसी होईपर्यंत ढवळतो, म्हणजे अनेक जिन्नस असे मिसळतो की सगळीकडे सारखं दिसावं. पुस्तकात त्याला समांगी म्हणतात. मिठाचं पाणी समांगी, कारण वरचा घोट आणि खालचा घोट सारखाच खारट. तरी ते मिश्रण. कळण्याचं पीठ डोळ्यांना एकजिनसी वाटतं, पण भिंगाखाली उडदाच्या काळ्या सालीचे कण वेगळे दिसतात, म्हणून ते विषमांगी. दिसायला एकसारखं असणं आणि एकच पदार्थ असणं या दोन गोष्टी मुलांच्या मनात वेगळ्या करून द्याव्या लागतात. मला विचाराल तर या धड्यात सर्वात जास्त वेळ इथे घालवावा. व्याख्या पाठ करून घेणं नंतर.

जळगाव

आमचा सोन्याच्या घडणीचा धंदा. आमच्याकडे रोज हाच वाद होतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘भाऊ, शुद्ध सोन्याच्या पाटल्या हव्यात,’ आणि हातात 22 कॅरट घेऊन समाधानानं जातं. त्यात फसवणूक नाही. 24 कॅरट इतकं मऊ असतं की पाटली दबते, आकार धरत नाही. म्हणून मुशीत तांबं-चांदी घालून ते कडक करतात. हजार भागांत 916 भाग सोनं, म्हणून दागिन्यावर 916. अठरा कॅरटमध्ये 750. सर म्हणतात तसंच, प्रमाण बदललं तरी दागिना सोन्याचाच. वितळून इतकं एकजीव होतं की भिंगातूनही तांबं वेगळं दिसत नाही, तरी ते मिश्रणच, ना सर?

शब्दांचं म्हणाल तर, सोन्यात मिसळलेल्या हलक्या धातूला जुना शब्द हीण. कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून जो बघायचा तो कस. हीण जास्त, कस कमी, ते हिणकस. अगदी चोख ते बावनकशी. आज माणसाच्या स्वभावालाही हिणकस म्हणतात, पण शब्द आमच्या पेढीवरून गेला आहे.

शिरपूर

हो भाऊ, मिश्रणच. धातूंच्या अशा समांगी मिश्रणाला पुस्तकात संमिश्र म्हणतात.

अमळनेर

तुपाचं कोणी काढलं नाही म्हणून लिहिते. आमच्या गावात 1945 साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, पुढे तीच कंपनी विप्रो झाली. माझ्या आजीच्या तोंडी ‘शुद्ध तूप’ म्हणजे ‘वनस्पती नव्हे ते’. रसायनशास्त्राच्या हिशेबात साजूक तूप आणि वनस्पती दोन्ही वेगवेगळ्या स्निग्ध पदार्थांची मिश्रणं. गूळ-साखरेचंही तसंच. लोक गूळ शुद्ध आणि साखर ‘केमिकल’ म्हणतात. पण साखरेचा स्वच्छ दाणा जवळजवळ निव्वळ एकच संयुग, आणि गूळ म्हणजे साखर, फळशर्करा, क्षार, ओलावा असं मिश्रण. खायला कोणता चांगला हा वेगळा प्रश्न आहे.

मला वाटतं, वर्गात ‘शुद्ध पदार्थ’ऐवजी ‘निर्भेळ पदार्थ’ म्हणावं. भेळ म्हणजेच मिसळ, ती नाही ते निर्भेळ.

शिरपूर

ताई, शब्द मलाही आवडतो, पण निर्भेळ दूधही म्हणतातच. पुन्हा तोच पेच. मी ‘एकच पदार्थ’ असं साधं म्हणायचो. शब्द बदलण्यापेक्षा ‘एक की अनेक?’ हा प्रश्न विचारायला शिकवलं की काम होतं. जलशुद्धीकरण केंद्र बघा. तिथे तुरटीनं गाळ बसवतात, जंतू मारायला क्लोरीन घालतात. पाणी पिण्याजोगं होतं, म्हणून नाव योग्यच आहे. पण वहीत ते पाणी मिश्रणच लिहायचं.

चोपडा

सर, काल दुपारी मुलीनं गच्चीवर स्टीलची तीन झाकणं मांडली. एकात चमचाभर बोअरचं पाणी, एकात फिल्टरचं, एकात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं डिस्टिल्ड. मे महिन्याचं ऊन, झाकणं बघता बघता सुकली. बोअरच्या झाकणावर पांढरी जाड कडी उठली, लिंबू चोळलं तेव्हा निघाली. फिल्टरच्या झाकणावर फिकट कडी, तिरपं धरल्यावर दिसणारी. बॅटरीच्या पाण्याचं झाकण कोरं.

तिनं वहीत लिहिलंय: ‘तिसरं पाणी शुद्ध पदार्थ, पण ते पीत नाहीत. पहिलं आम्ही रोज पितो, ते मिश्रण.’ आता म्हशीच्या दुधाचा एक चमचा चौथ्या झाकणात ठेवायचा हट्ट चालला आहे.