डूला व्हायचंय, पदरी दीड वर्षाची मुलगी आहे. कोल्हापुरात तयारी कशी करू?

शाहूपुरीची_आई
सर्वांना सलाम. बाळंतपणात बाईच्या सोबतीला थांबणारी, म्हणजे डूला, व्हायचं पक्कं केलंय. थोरला पहिलीत आहे, धाकटी दीड वर्षाची आणि अजून अंगावर पिते. नवरा शिरोली एमआयडीसीत, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. आम्ही ख्रिस्ती आहोत. हे काम मी सेवा म्हणून बघते, पण फुकट करायचं की फी घ्यायची इथपासूनच गोंधळ आहे. कोर्स कोणता धरावा? इथले दवाखाने लेबर रूममध्ये घेतात का? प्रार्थना कुठं करावी, कुठं करू नये? आणि रात्री दोनला फोन आला तर घरचं काय? "देव बघेल" हे उत्तर सोडून बोला, तो बघतोच.

लेबर_रूम_सिस्टर
ताई, पहिल्यांदा हद्द आखून घ्या. डूला म्हणजे सुईण नव्हे. आतून तपासणं, बीपी बघणं, बाळाचे ठोके ऐकणं, गोळी देणं, पोट दाबणं यातलं एकही काम तुमचं नाही. कळा लागल्यापासून बाळ अंगावर पिईपर्यंत त्या बाईला एकटं न सोडणं, एवढंच तुमचं काम. ऐकायला किरकोळ वाटतं. पण कोक्रेन या वैद्यकीय संशोधनांचे आढावे काढणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र केली आहे: सलग सोबत असली की नॉर्मल बाळंतपणं वाढतात, सिझर कमी होतात, कळांचा काळही थोडा आखडतो. यातला "सलग" हा शब्द धरून ठेवा. दर तासाला फोनवर बोलायला बाहेर जाणारी सोबत ही सोबत नव्हे.

कोर्सचं म्हणाल तर भारतात डूलासाठी सरकारी नोंदणी किंवा परवाना नाही. त्यामुळे सर्टिफिकेटचा कागद दाखवून कुठलंही दार उघडत नाही. १९९२ पासून चालणारी अमेरिकेतली डोना आणि तिच्यासारख्या संस्था साधारण एकाच वाटेनं नेतात: वर्कशॉप, ठरलेलं वाचन, स्तनपानाचा वर्ग, मग काही बाळंतपणांना सोबत आणि त्यांच्यावर त्या बाईचा व तिथल्या डॉक्टर-नर्सचा अभिप्राय. ऑनलाइन कोर्स घ्यायला हरकत नाही, पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा. हाताचं काम कोण तपासून देणार? आणि प्रत्यक्ष बाळंतपणं मिळवून देणार की तुम्हीच शोधायची? बहुतेक ठिकाणी तुम्हीच.

आता दवाखाने. सरकारी ठिकाणी, म्हणजे सीपीआरसारख्या रुग्णालयात, केंद्र सरकारच्या २०१६ च्या सूचना लागू आहेत. बाळंतपणात सोबतीण ठेवायला परवानगी आहे, पण ती नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंत झालेली, संसर्गाचा आजार नसलेली, स्वच्छ कपड्यातली, आणि कर्मचाऱ्यांच्या कामात हात न घालणारी. आडोसा नीट असेल तर नवऱ्यालाही घेता येतं. यात बाहेरची डूला बसत नाही. तिथं तुमचं काम आधीचं: जी आई, जाऊ किंवा मावशी आत जाणार, तिला आठव्या-नवव्या महिन्यात दोन बैठकांत तयार करायचं. हे कमी दर्जाचं काम समजू नका. आत गेलेली घाबरी मावशी "बाई गं, आता कसं व्हायचं" म्हणत राहिली तर कळा सोसणारीचा धीर आधी सुटतो.

खासगी दवाखान्यात सगळं डॉक्टरांवर आहे. सातव्या महिन्यातल्या तपासणीला त्या बाईबरोबर जा आणि समोरच विचारा: आत किती जण चालतील, नवरा आणि डूला दोघं चालतील का, कळांत फिरू द्याल का, पाणी पिऊ द्याल का, सिझरला न्यायची वेळ आली तर मी कुठं थांबू. होकार मिळाला की तो फाइलवर लिहून मागा. दिवसा डॉक्टर तोंडी हो म्हणतात, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला त्याचा पत्ता नसतो. दारातला वाद तिथूनच सुरू होतो.

हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर आजच सुरू करा. तीन डोस असतात: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. रक्ताशी संबंध येणार आहे.

करवीरची_काकी
सिस्टरनी दवाखान्याचं सांगितलं, मी घरचं सांगते. खरी गाडी तिथंच अडकते बघा.

बाळंतपणाला कुणी वेळ दिलेली नसते. ३८ व्या आठवड्यापासून ४२ व्यापर्यंत तुम्ही त्या बाईला बांधल्या गेल्या. म्हंजे एका बाईमागं महिनाभर कोल्हापूर सोडायचं नाही, गावची जत्रा नाही, फोन सायलेंटवर नाही. लहान पोर असताना महिन्याला एकच बाई घ्या. दोघींच्या तारखा लांब असल्या तरी कळा एकाच रात्री येऊ शकतात.

पोरांसाठी एक माणूस ठेवून भागत नाही, तीन लागतात. नवऱ्याची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात रात्री कोण येणार, शाळेत कोण सोडणार, आणि या दोघी अडकल्या तर तिसरी कोण. आपली चर्चची मंडळी इथं उपयोगी पडते. पण "कधीही हाक मार" असं म्हणणाऱ्या दहाजणींपेक्षा, वार ठरवून हो म्हणणाऱ्या तिघी लाखाच्या. रविवारी उपासनेच्या वेळी फोन आला तर काय करायचं ते पाळकसाहेबांशी आधीच बोलून ठेवा, विशेषतः संडे स्कूलचा वर्ग तुमच्याकडं असेल तर.

धाकटी पिते, म्हणून हे सांगते. सोळा-अठरा तास घराबाहेर राहिलात की छाती दगडागत होते, ताप येतो, दूधही कमी होतं. दर तीन-चार तासांनी हाताने किंवा पंपाने दूध काढायचं. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. एप्रिल-मेच्या उकाड्यात बाहेर ठेवण्याच्या भानगडीत पडू नका. रात्रीचं एक पाजणं आत्तापासून बापाकडं किंवा आजीकडं वाटीने द्यायची सवय लावा. नाहीतर पहिल्याच रात्री घरी रडारड आणि तुमचा जीव तिकडं.

फी घ्या. लाजायचं काय त्यात? फुकट म्हटलं की दोन गोष्टी होतात: लोक गंमत म्हणून बोलावतात, आणि चौथ्या बाळंतपणाला घरचे म्हणतात पुरे आता. थोडी रक्कम आगाऊ, बाकीची बाळंतपणानंतर. सिझर झालं तरी पूर्ण, कारण सोबत तुम्ही केलीच. गरिबासाठी वर्षात दोन-तीन बाळंतपणं बिनफीची ठेवा आणि तो आकडा मनाशी पक्का ठेवा.

शाहूपुरीची_आई
मनापासून आभार. आणखी दोन गोष्टी. मंडळीतल्या एक वडीलधाऱ्या बाई म्हणतात, वेदना हा बायबलातल्या उत्पत्ती ३:१६ चा शाप आहे, कळा कमी व्हाव्यात म्हणून कंबरेत इंजेक्शन घेणं म्हणजे अविश्वास. आणि दुसऱ्या म्हणतात तारीख उलटली की एरंडेल द्यायचं. दोघींना काय सांगू?

स्तोत्र_१२१
पहिल्या बाईंना पुढची ओळ वाचून दाखवा. ३:१६ मध्ये स्त्रीच्या कष्टाला जो इब्री शब्द आहे, तोच ३:१७ मध्ये आदामाच्या शेतातल्या कष्टाला आहे. आपल्याकडं ऊसतोडीला यंत्र आणलं म्हणून कुणी अविश्वासी ठरवत नाही. वाद जुनाच आहे. १८४७ मध्ये एडिंबरोच्या डॉ. सिम्पसन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरलं तेव्हाही हेच म्हटलं गेलं, आणि त्यांनी उत्पत्ती २:२१ वर बोट ठेवलं: देवाने आदामाला गाढ झोप देऊन मगच फासळी काढली. इंजेक्शन घ्यायचं की नाही हे ती बाई आणि डॉक्टर ठरवतील. डूलाने कुठल्याच बाजूला वजन टाकू नये.

प्रार्थनेचं. बाई ख्रिस्ती असेल तरी आधीच्या भेटीत तिलाच विचारा, सासूला नव्हे: कळांत वचन वाचलेलं चालेल का, गीत चालेल का, की शांतता हवी? भर कळेत मोठी प्रार्थना कानात शिरत नाही. दोन कळांच्या मधे स्तोत्राची एक ओळ, हळू आवाजात, पुरते. "हे प्रभो" श्वास घेताना, "मला धर" सोडताना, एवढं तर कळेतही जमतं. बाई दुसऱ्या धर्माची असेल तर तुमची प्रार्थना मनात, ओठ मिटलेले. धर्मप्रचाराची पत्रिका, गळ्यात क्रॉस घालायचा आग्रह, "येशूला हाक मार" असलं काही नाही. ती तिच्या देवाचं नाव घेत असेल तर तुम्ही तिची कंबर दाबत राहा. असहाय बाईकडून श्रद्धेची कबुली काढणं ही सेवा नाही, आणि अशा एका तक्रारीने तुमच्या मागून येणाऱ्या सगळ्याजणींना दार बंद होईल.

डूला हा शब्दच मुळात ग्रीक दासीचा. लूक १:३८ मध्ये मरिया स्वतःला म्हणते तो. दासी पाहुण्यांपुढं भाषण करत नाही.

लेबर_रूम_सिस्टर
एरंडेल अजिबात नाही. जुलाब लागतात, अंगातलं पाणी जातं, कळा वेड्यावाकड्या येतात आणि दमलेली बाई खऱ्या कळांना पोचते तेव्हा ताकद उरलेली नसते. तुम्ही दिलंत तर जबाबदारीही तुमची. तारीख उलटली की डॉक्टरकडं, बस्स.

आता हाताचं काम, कारण कोर्समध्ये हे घाईत उरकतात.

पहिलटकरणीला कळा पाच मिनिटांनी, एक एक मिनिटाच्या, तासभर सलग आल्या की निघायचं. दुसऱ्या खेपेची असेल किंवा घर पन्हाळा-गगनबावड्याकडं असेल तर त्याआधीच. पण पाणी गेलं (हिरवट असेल तर तातडीने), रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली किंवा ३७ आठवड्यांच्या आत कळा आल्या, तर घड्याळ बघत बसू नका. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८.

कंबर दाबताना तळहाताचा खालचा टणक भाग माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर. कोपर सरळ, जोर खांद्याचा नाही, अंगाच्या वजनाचा. नाहीतर तिसऱ्या तासाला तुमचं मनगट गेलं. कळ सुरू होतानाच दाब, संपेपर्यंत सोडायचा नाही. जागा तीच सांगेल, बाळ खाली सरकतं तशी जागाही खाली सरकते. त्याने भागलं नाही तर दोन्ही कुल्ल्यांच्या बाजूच्या मांसल भागावर तळवे ठेवून आत आणि किंचित वर दाबा. उताणं झोपू देऊ नका, बाळाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबते. डावी कूस, गुडघे-हातांवर, खाटेला धरून उभं, असं अर्ध्या-पाऊण तासाने बदलत राहा. गरम पाण्याची पिशवी नेहमी टॉवेलमध्ये, आणि कंबरेत इंजेक्शन दिलेलं असेल तर मुळीच नाही. तिला चटका कळणारच नाही.

दर दोन तासांनी लघवीला न्या. लघवीची भरलेली पिशवी बाळाची वाट अडवते, आणि गडबडीत हे सगळेच विसरतात.

"जोर लाव" हे तुम्ही म्हणायचं नाही. गर्भाशयाचं तोंड पूर्ण, म्हणजे दहा सेंटीमीटर उघडायच्या आत जोर लावला की ते सुजतं आणि काम लांबतं. सिस्टर सांगेल तेव्हाच. बाळ झाल्यावर, दोघं ठीक असतील तर, उघड्या अंगाने आईच्या छातीवर आणि पहिल्या तासात चीक. मध, घुटी, साखरपाणी घेऊन आजी उभी असेलच, तिला आठव्या महिन्यातच समजावून ठेवलेलं बरं. तासाभरात एक पॅड पूर्ण भिजला तर आरडाओरडा न करता पण लगेच सिस्टरला बोलवा.

शिरोळकर
मधेच विचारतो. बायकोची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आहे. पुराचं काय करायचं?

करवीरची_काकी
दादा, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. पण तुम्ही ३९ चीही वाट बघू नका. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, तिथं ॲम्ब्युलन्स काय करणार? ३७ वा आठवडा संपला की वहिनींना दवाखान्याच्या बाजूच्या, उंचावरच्या पाहुण्यांकडं हलवा. फाइल आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत, फोटो मोबाईलमध्ये. रक्तगट फाइलवर आहे का बघा, आणि निगेटिव्ह असेल तर डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. ताई, जुलै-ऑगस्टच्या बाया घेणार असाल तर तुम्हीही नदीच्या कोणत्या बाजूला अडकाल ते आधी बघा, आणि पलीकडच्या बाजूला राहणारी एक बदली डूला शोधून ठेवा.