कॉलेजनं मशीनवाल्या कंपनीला पेटंटची नोटीस मारली तर चुकलं कुठं?

कुपवाड_वेल्डिंग
मंडळी, लांबण लागेल पण वाचा. माझ्या भाच्यानं आणि त्याच्या तीन मित्रांनी फायनल इयरच्या प्रोजेक्टला हळद शिजवायच्या बॉयलरला एक जोड काढली. हळद शिजली का नाही हे आपण काडी टोचून बघतो ना, ते काम सेन्सर करतो आणि वाफ आपोआप बंद होते. ड्रम माझ्याच शेडमध्ये बनला, तीनदा गळला, तीनदा वेल्डिंग मारलं, तेही फुकट. कॉलेजनं (नाव घेत नाही) पेटंटचा अर्ज टाकला. पुढं एका प्रदर्शनात मशीन मांडलं तर एका कंपनीची माणसं तासभर व्हिडिओ काढून गेली आणि यंदाच्या सीझनला तसंच मशीन त्यांच्या नावानं बाजारात आलं. आता कॉलेज नोटीस पाठवायची म्हणतंय आणि आमच्या कट्ट्यावर निम्मे लोक म्हणतात, शिक्षणसंस्थेनं असले धंदे करू नयेत. का करू नयेत? अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाची पेटंटं सांभाळणारी वार्फ नावाची संस्था आहे, १९२५ पासूनची, तिनं ॲपलला कोर्टात खेचलं, आयफोनच्या ए७, ए८ चिपवरून. २०१५ मध्ये ज्युरीनं २३.४ कोटी डॉलर द्यायला सांगितले. त्या पेटंटवर चार नावं, त्यातले सोही सर बिट्स पिलानीला शिकलेले आणि बाकीचे तिघं त्यांचे विद्यार्थी. पोरांची नावं पेटंटवर, हे लक्षात घ्या.

पुण्यातला_मिरजकर
दादा निम्मीच स्टोरी सांगितली तुम्ही. २०१७ ला जजनं ती रक्कम ५०.६ कोटी डॉलरवर नेली आणि २०१८ ला अपील कोर्टानं सगळंच पुसून टाकलं, ॲपलची चिप त्या पेटंटमध्ये बसतच नाही म्हणून. हातात भोपळा. मी चिपच्याच कंपनीत आहे म्हणून सांगतो, कागदावरची आयडिया आणि कोटींनी विकला जाणारा माल यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, मधली मरमर कंपनी करते, टेस्टिंग, सर्व्हिस, परत आलेला माल, सगळं. विद्यापीठ स्वतः एक नट पण विकत नाही आणि दहा वर्षांनी बिल घेऊन दारात. कॅलटेक या अमेरिकन विद्यापीठानं वाय-फायवरून ॲपल आणि ब्रॉडकॉमवर तेच केलं, २०२० ला ज्युरीनं ११० कोटी डॉलर दिले, २०२२ ला अपिलात ती रक्कम रद्द, शेवटी २०२३ ला आपसात मिटवलं. जिंकलं कोण? वकील.

कुपवाड_वेल्डिंग
तुम्ही पण निम्मीच सांगताय की. वार्फनं त्याच पेटंटवर आधी इंटेलला धरलं होतं, तिथं २००९ ला सेटलमेंट होऊन पैसे आलेच. आणि अमेरिकेतल्याच कार्नेगी मेलन विद्यापीठाचं काय? हार्ड डिस्कवरचा डेटा वाचताना जो गोंधळ येतो तो गाळायची पद्धत, एक प्रोफेसर आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी, दोघांनी काढलेली. मार्व्हेल कंपनीच्या चिपमध्ये तीच निघाली. ज्युरीनं ११७ कोटी डॉलर सांगितले, अपिलात खाली आलं, तरी २०१६ ला ७५ कोटी डॉलरवर मिटलं आणि त्यातला मोठा वाटा शोध लावणाऱ्या दोघांना मिळणार असं विद्यापीठानं जाहीर केलं. सर्व्हिस कंपनी देते मान्य, पण ज्यानं डोकं चालवलं त्यानं भडंग खात बसायचं का?

हरिपूर_पेव
मला कोर्टाचं काय कळत नाही पण हळदीचं कळतं. आणि तुम्ही लोक विद्यापीठाला बिचारं समजायलाय म्हणून बोलतो. १९९५ ला अमेरिकेत जखमेवर हळद लावायचं पेटंट कुणी घेतलं होतं? कंपनीनं नव्हं, विद्यापीठानंच, मिसिसिपीच्या मेडिकल सेंटरनं! आमची आजी पाय कापला की चुलीपुढं बसवून हळद दाबायची, तिला काय रॉयल्टी मिळाली का लगा. मग माशेलकरांच्या काळात सीएसआयआरनं, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं, जुने ग्रंथ, १९५३ चा एक डॉक्टरी लेख असलं सगळं पुढं टाकलं तेव्हा १९९७ ला ते पेटंट रद्द झालं. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा हक्क, मिळायला २०१८ उजाडलं. तेव्हा विद्यापीठ म्हणजे साधू आणि कंपनी म्हणजे चोर, असं काय नसतं. जो आधी कागद करतो तो मालक, एवढंच मला दिसतंय. आणि नोटीस गेली, मशीन महाग झालं, तर ते पैसे कुणाच्या खिशातनं जाणार? आमच्याच.

कुपवाड_वेल्डिंग
@हरिपूर_पेव आजीच्या हळदीवर पेटंट नकोच, पण सेन्सरची जोड आजीनं काढली नव्हती. बाकी महाग होईल हे तुमचं खरं आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

स्टाफरूम_खिडकी
मी एका कॉलेजात शिकवते, कुठल्या ते विचारू नका. थोडं कडू बोलते. आपल्याकडची बरीचशी 'पेटंटं' कोर्टासाठी नसतातच, ती नॅक आणि एनआयआरएफच्या, म्हणजे कॉलेजची ग्रेड न् क्रमवारी ठरवणाऱ्यांच्या, फॉर्मसाठी असतात. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, त्यामुळं अर्ज टाकणं स्वस्त. मग लवकर प्रसिद्ध करायचा वेगळा फॉर्म भरायचा, पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये अर्ज छापून आला की गेटवर फ्लेक्स, 'पेटंट प्रसिद्ध'. प्रसिद्ध म्हणजे मंजूर नव्हे हो! परीक्षक अजून त्या अर्जाकडं फिरकलेला पण नसतो. यांच्या कॉलेजनं खरंच शेवटपर्यंत लढायचं ठरवलं असेल तर मी स्वतः पेढे वाटीन, पण मला वाटतं एक नोटीस जाईल, तिचा फोटो वार्षिक अहवालात येईल आणि विषय संपेल.

पुण्यातला_मिरजकर
हेच तर म्हणतोय मी. शिवाय कॉलेज अनुदानावर चालतं, म्हणजे लोकांच्या पैशानं. त्यातनं जे निघेल ते सगळ्यांना खुलं का नको? अमेरिकेत १९८० च्या कायद्यानं सरकारी पैशातून निघालेल्या शोधाचा हक्क विद्यापीठाला ठेवता येतो, तिथनं ही सगळी केसाकेशी वाढली. आपल्याकडं तसंच बिल २००८ ला राज्यसभेत आलं होतं, पुढं मागं घेतलं. बरं झालं.

स्टाफरूम_खिडकी
अनुदान? या पोरांची फी विचारा आधी. आणि खुलं केलं तर उचलणार कोण, शेतकरी का तीच कंपनी?

काळा_कोट_सातारा
सगळे हवेत तलवारी फिरवताय, मी दोन-तीन गोष्टी विचारतो. एक, अर्ज आधी का प्रदर्शन आधी? प्रदर्शन आधी असेल तर नावीन्यच गेलं आणि पेटंटही गेलं, सरकारनं राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनाला सूट असते, गावच्या कृषी मेळाव्याला नाही. दुसरं, पेटंट मंजूर झालंय का? मंजुरीशिवाय दावा लागत नाही, हक्क मात्र प्रसिद्धीच्या तारखेपासून मोजतात. आणि मुख्य म्हणजे पोरांनी सही कशावर केली? भारतात अर्ज खऱ्या शोधकर्त्याचा किंवा त्यानं हक्क लिहून दिलेल्याचाच चालतो. स्टॅनफर्डसारखं विद्यापीठ यातच आपटलंय. त्यांच्या संशोधकानं विद्यापीठाला लिहून दिलेलं, 'हक्क देण्याचं मान्य करतो'. मग तो एका कंपनीच्या लॅबमध्ये शिकायला गेला आणि तिथं सही केली, 'याद्वारे हक्क देत आहे'. एक पुढचा वायदा, एक तिथल्या तिथं दिलेलं. त्या कंपनीचा तो धंदा पुढं रोश या औषध कंपनीकडं गेला, मग एचआयव्हीच्या टेस्टवरून रोशशी भांडण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०११ ला स्टॅनफर्ड हरलं. वाक्यरचनेवर हरलं म्हणा ना.

हरिपूर_पेव
आयला, म्हणजे व्याकरणाच्या सरांना पण सोबत न्यायला पाहिजे.

कुपवाड_वेल्डिंग
@काळा_कोट_सातारा वकीलसाहेब, आत्ता भाच्याला फोन लावला. अर्ज प्रदर्शनाच्या तीन आठवडे आधीचा, पावती आहे म्हणतोय. पेटंट अजून मंजूर नाही. सहीचं विचारलं तर म्हणाला मामा, हॉल तिकीट घ्यायला गेलो तेव्हा ऑफिसात चार-पाच कागद पुढं सरकवले, खाली सही कर म्हणाले, केली. वाचलं नाही. मग अर्जावरची नावं वाच म्हणलं. पहिलं विभागप्रमुखांचं, मग गाईडचं, मग ज्यांनी मशीन बघितलं पण नाही अशा दोन मॅडमचं आणि सगळ्यात शेवटी दोन पोरांची. बाकी दोघं गायब. त्यातला एक तर सेन्सरचा कोड लिहिणारा.

काळा_कोट_सातारा
तर मग कंपनीच्या नोटिशीचं राहू दे बाजूला. मंजुरीच्या आत शोधकर्ता म्हणून नाव घालून मागता येतं, कलम २८ बघा. चौघांची प्रोजेक्ट डायरी, तारखा असलेले फोटो, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, तुमच्या वेल्डिंगच्या गॅसची बिलंसुद्धा जपून ठेवा. आणि त्या सह्यांच्या कागदांची झेरॉक्स मागा, लेखी अर्ज करून.

कुपवाड_वेल्डिंग
रिझल्ट लागायचाय अजून त्यांचा. ती झेरॉक्स पोरांनी मागायची का मी मागू?