पहिल्यांदाच वाइन पिणाऱ्याच्या हातात रेड का देता?

तलावपाळीकर (धागाकर्ता):
सोसायटीच्या गच्चीवर कुणाचा वाढदिवस असला की एकजण हमखास रेड वाइन घेऊन येतो, आणि ज्यांनी आयुष्यात कधी वाइन चाखलेली नाहीये त्यांच्या हातात पहिला ग्लास तोच जातो. एक घोट, तोंड वाकडं, 'श्शी, किती तुरट आहे' आणि विषय संपला, परत ती व्यक्ती वाइनच्या वाटेला जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की नवख्याला पहिली वाइन व्हाइटच द्यावी, त्यातही चेनिन ब्लांक, फ्रिजमध्ये दोन-तीन तास ठेवून चांगली गार केलेली. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातलं, पण आपल्या नाशिकला मस्त रुळलंय आणि तिथले बरेच जण त्यात थोडी गोडी शिल्लक ठेवतात, त्यामुळे आंबट-गोड लागतं आणि पहिल्या घोटाला कुणी दचकत नाही. हजाराच्या आतबाहेर बाटली मिळते आणि बऱ्याचदा फिरकीचं झाकण असतं, म्हणजे बूच काढायचा स्क्रू कुणाकडे आहे म्हणून तीन मजले फिरायला नको.

रेड तुरट लागते कारण ती द्राक्षाच्या सालीबियांसकट आंबवतात, त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, वाइनमध्ये उतरतं आणि लाळेतल्या प्रोटीनला धरतं. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंड कसं आवळतं, तसंच. सवय नसलेल्याने ते का सहन करायचं?

नेरूळकर:
अजिबात पटलं नाही. गोडापासून सुरुवात केलेले माझ्या ओळखीतले बहुतेक लोक गोडावरच अडकलेत, वर्षानुवर्षं तेच. दोष रेडचा नाहीये हो, तुम्ही ती देता कशी त्याचा आहे. 'रूम टेंपरेचर'ला प्यायची म्हणतात ते युरोपातल्या थंड घरांचं, साधारण १६ ते १८ डिग्री. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच ३२-३३ असतं, त्यात कपाटातली बाटली उघडली तर नुसती अल्कोहोलची वाफ नाकात जाते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आणि रिकाम्या पोटी किंवा वेफर्ससोबत देऊ नका, मटण सुक्कं असू द्या बाजूला. टॅनिन मटणातल्या प्रोटीनला धरतं, जिभेला सोडतं, तुरटपणा निम्मा वाटतो. रेडमध्ये मर्लो आणि कॅबरने अशा द्राक्षांच्या जाती असतात, त्यातली मर्लो घ्या, कॅबरनेपेक्षा मऊ असते. माझ्या बायकोने सुरुवातच अशी केली, आज ती व्हाइटला हात लावत नाही.

तलावपाळीकर:
नेरूळकर, फ्रिजचं शंभर टक्के मान्य. पण गच्चीवर पहिल्या ग्लासाला मटण सुक्कं कुठून येणार, तिथे असतात बोंबील फ्राय, कोळंबी, नाहीतर ठेचा लावलेलं पनीर. मासळीसोबत रेड पिऊन बघा एकदा, तोंडात धातूसारखी चव येते, रेडमधल्या लोहामुळे होतं ते. आणि तिखटावर टॅनिन म्हणजे जास्तच झोंबतं. थोडी गोडी असली की तिखट दबतं. आपल्याकडचा चखणा बघून वाइन निवडा एवढंच म्हणतोय.

खारघरची मी:
तुम्ही दोघं पोर्ट विसरलात. आमच्याकडे गोव्याहून कुणी आलं की पोर्ट वाइन आणायचंच, घरातल्या सगळ्या बायकांनी पहिली वाइन तीच प्यायली आणि सगळ्यांना आवडली. नवख्याला आवडणं हाच निकष असेल तर ती जिंकली की.

नेरूळकर:
ताई, आवडते कारण सरबतासारखी गोड असते, घटाघट जाते आणि मग डोकं धरून बसावं लागतं. खरी पोर्ट पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली, आंबवण अर्ध्यावर असताना त्यात द्राक्षाचं स्पिरिट घालून ते थांबवतात, म्हणून साखर राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. साधी वाइन १२-१३. ती जेवणानंतर छोट्या ग्लासात घ्यायची गोष्ट आहे, सुरुवात म्हणून नकोच. या बाबतीत मी तलावपाळीकरांच्या बाजूने, त्यापेक्षा चेनिन बरी.

पाचपाखाडी:
एक सांगू का, राग मानू नका. कुठली आधी यावर एवढी चर्चा, पण नवख्याला द्यायचीच कशाला? 'वाइन म्हणजे दारू नाही, हृदयाला चांगली असते' असं म्हणून आमच्या इमारतीत आग्रह करतात, मला त्याची चीड आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलंय की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. आणि कायद्याने वाइनलाही आपल्या राज्यात वय २१ लागतं, गच्चीवर कॉलेजची पोरं असतात तेव्हा कोण बघतं?

तलावपाळीकर:
राग कसला, बरोबर बोललात. औषध म्हणून वाइन खपवणाऱ्यांचा मलाही वैताग येतो, चव आवडली तर प्या, नाहीतर कोकम सरबत आहेच. २१ च्या खालच्यांना देऊच नये, त्यात वाद नाही. पण ज्याला स्वतःहून चाखायचीये त्याला निदान नीट सांगा. ७५० मिलीच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास होतात, नवख्याला तर अर्ध्या ग्लासानेच सुरुवात करा. आणि परत घोडबंदर रोडने गाडी चालवत जायचं असेल तर तेवढीही नको.

पाचपाखाडी:
एवढं सांगणारे असते तर मी लिहिलंच नसतं. तरी माझं मत तेच, आग्रह नको म्हणजे नको.

खारघरची मी:
बरं, चेनिन आणून बघते या रविवारी. पण आम्ही दोघंच आहोत, बाटली संपणार नाही. उरलेली ठेवायची की टाकायची?

नेरूळकर:
झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, तीन-चार दिवस छान राहते. दुकानात ३७५ ची छोटी बाटलीही विचारा, काहींकडे असते. आणि रविवारी मटण असेल तर मर्लोच आणा, मी अजून माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.