मुंबईतून सायकलने रान, शेतशिवार किंवा समुद्रकिनारा: एका दिवसाचे रस्ते सुचवावेत

परळची_पहाट:

नमस्कार. मी परळला राहतो. गेल्या दिवाळीत हायब्रिड सायकल घेतली आणि तेव्हापासून आठवड्यातून चार दिवस पहाटे मरीन ड्राइव्हपर्यंत जाऊन येतो. महिन्याभरापासून माझी चौदा वर्षांची मुलगीही बरोबर येऊ लागली आहे आणि दर वेळी तोच कठडा आणि तेच दिवे कशाला पाहायचे, हा तिचा प्रश्न मला पटतो. सपाट रस्त्यावर आम्ही चाळीस-पन्नास किलोमीटर सहज करतो. चढाची मात्र सवय नाही, कारण उड्डाणपुलापलीकडे चढ आमच्या वाट्याला आलेला नाही.

रविवारी पहाटे निघून संध्याकाळी घरी परतता येईल, रान, शेती, समुद्र यांपैकी काहीतरी सलग पाहायला मिळेल आणि मुलीला मागे ठेवून चालवताना सारखे वळून पाहावे लागणार नाही, असे रस्ते कृपया सुचवावेत. गाडीवर सायकल बांधून नेण्याची सोय आमच्याकडे नाही. अटल सेतू, किनारी रस्ता आणि वांद्रे-वरळी सागरी सेतू या तिन्हींवर सायकलला मनाई आहे. एकदा वाशीमार्गे पनवेलकडे निघालो होतो. कंटेनरच्या धुरात वाशीची खाडी ओलांडली आणि तिथूनच परत फिरलो.

खारेवारे:

आपण परळचे आहात, तेव्हा आपला रस्ता पूर्वेला भाऊच्या धक्क्यावर सुरू होतो. जेमतेम पाच किलोमीटर. तिथून मांडव्याला जाणारी रो-रो बोट, म्हणजे वाहनेही घेऊन जाणारी बोट, मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि मुंबईच्या सायकलवाल्यांना त्यामुळे अक्षरशः दुसरा किनारा मिळाला. सायकल चालवत आत न्यायची, खालच्या डेकवर कठड्याला बांधायची आणि वर जाऊन चहा घ्यायचा, तासाभरात मांडवा. गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात. रो-रो मोठी असल्यामुळे बहुधा चालू राहते, पण वादळाचा इशारा असला की तीही थांबते.

मांडव्याला उतरल्यावर पहिली पंधरा मिनिटे काहीही करू नका. बोटीतल्या सगळ्या मोटारी एकदम बाहेर पडतात आणि अलिबागच्या दिशेने शर्यत लावल्यासारख्या सुटतात. त्या गेल्या की तोच रस्ता पुढच्या बोटीपर्यंत बराच मोकळा होतो. तरीही मुख्य रस्ता शक्य तितका टाळून सासवणे, आवास, किहीम अशी किनाऱ्यालगतची गावे घेत जावे. सासवण्याला शिल्पकार करमरकरांचे घर शिल्पसंग्रहालय म्हणून जपलेले आहे. मुलीला तिथल्या अंगणातली म्हैस नक्की दाखवा, ती खरी नाही हे जवळ जाईपर्यंत लक्षात येत नाही. किहीमला सलीम अली यांनी १९३० साली सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे निरीक्षण केले आणि एकच नर एकापाठोपाठ अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार करतो हे दाखवून दिले. घरटी विणण्याचा हंगाम पावसाळ्यात असला, तरी झाडांना लोंबणारी जुनी घरटी हिवाळ्यातही दिसतात.

मांडवा ते अलिबाग वीस किलोमीटरच्या आसपास पडते. दम असेल तर खरा सुंदर रस्ता अलिबागच्या पुढे आहे. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. रस्ता अरुंद आणि वळणावळणाचा, पण जवळजवळ सपाट. उन्हे वर आली तरी सावली सुटत नाही आणि कौलारू घरांच्या पडवीत सोललेल्या सुपारीचा वास येतो. आक्षीचा शिलालेख याच वाटेवर आहे. त्याचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला गेला असून तो मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. खाली गाढवाची आकृती कोरलेला हा गधेगाळ, म्हणजे शापवचनाचा दगड, पाच मिनिटे थांबून पाहावा. रेवदंड्याला पोर्तुगीज किल्ल्याच्या तटातूनच रस्ता आत शिरतो. त्यापुढे कुंडलिकेच्या पुलापलीकडे कोर्लई आणि काशीद आहेत, पण तिथे घाट सुरू होतो. एका दिवसात परतायचे असेल तर चौलवरूनच मागे वळावे.

आता मुख्य सावधगिरी. शाळेत आपण मतलई आणि खारे वारे शिकलो, ते सायकलवर बसल्याशिवाय खरे कळत नाहीत. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून येणारा वारा मंद असतो आणि दक्षिणेकडे जाताना आपण फारच तरबेज झालो आहोत असे वाटते. दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरून, वायव्येकडून वारा सुटतो आणि मांडव्याच्या दिशेने परतताना तो थेट छातीवर येतो. मी पहिल्याच वेळी हौसेने काशीदपर्यंत गेलो. परतताना सपाट रस्त्यावर ताशी अकरा किलोमीटरच्या वर वेग जाईना आणि डोळ्यांसमोर शेवटची बोट सुटली. ती रात्र किहीमच्या एका घरगुती खानावळीत सुरमईच्या ताटावर निघाली, पण सोमवारी कार्यालयात ही सबब चालली नाही. चौलहून अकराच्या आत माघारी फिरा आणि परतीच्या बोटीचे तिकीट आधी काढून ठेवा.

वाडीतला:

वरील सल्ला उत्तम आहे, पण चौदा वर्षांच्या मुलीसाठी पहिल्याच खेपेला ऐंशी किलोमीटर जास्त होतील. वसईकडे या. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो सुरू आहे, त्यामुळे महामार्गावरून घोडबंदरचा वळसा घालावा लागत नाही. बोटीतून उतरलात की वसईचा किल्ला लगेच लागतो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये तो पोर्तुगीजांकडून घेतला, हे आपल्याला ठाऊक असेलच. सकाळी सातला तिथल्या पडक्या चर्चमध्ये फक्त घारी आणि छायाचित्रे काढायला आलेली जोडपी असतात.

तिथून गिरीज, भुईगाव, निर्मळ, वाघोली, आगाशी, अर्नाळा असा गावागावांतून जाणारा रस्ता धरावा. अंतर पंधरा ते वीस किलोमीटर असून चढ अजिबात नाही. इमारती वाढत असल्या तरी पश्चिम पट्ट्यात केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलांच्या वाड्या अजून आहेत. वाडीच्या कडेला जो चौकोनी, शेवाळी पाण्याचा खड्डा दिसेल त्याला आमच्याकडे बावखल म्हणतात. पावसाचे गोडे पाणी साठवून वाडी शिंपायची ही जुनी सोय आहे. आमच्या लहानपणी प्रत्येक वाडीला एक बावखल असे. आता बरीच बुजवली गेली आणि मग पावसात रस्त्यावर पाणी कसे साठते, याचे लोकांना नवल वाटते. असो, विषय सायकलचा आहे. कार्तिकात निर्मळची जत्रा भरते तेव्हा मात्र या रस्त्याने येऊ नये, पाय ठेवायला जागा नसते.

किनाऱ्यावर ओल्या वाळूत सायकल चालवण्याचा मोह होईल. चालवलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून साखळीला तेल द्या. दोन दिवस राहू दिलीत तर गंज चढलाच म्हणून समजा.

बोरिवली_पूर्व:

रानासाठी इतके दूर जाण्याची गरज नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य प्रवेशद्वारापासून कान्हेरीपर्यंत सुमारे सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. साग, ऐन, करंज यांच्या सावलीतून जाणारा हा रस्ता शेवटच्या टप्प्यात चांगलाच चढतो, म्हणजे आपल्याला चढाचा सरावही होईल. फेब्रुवारीत काटेसावर फुललेली असते. उद्यान सोमवारी बंद असते. सायकली आत भाड्यानेही मिळतात, आणि स्वतःची न्यायची असेल तर मेट्रो ७ मध्ये सायकल घेऊन चढता येते. ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचेच स्थानक आहे. खाऊची पिशवी हँडलला लटकवू नका, माकडे चालत्या सायकलवरून ती ओढतात. माझ्या बाबतीत ती वेलची केळी होती.

आरे कॉलनी कोणी सुचवली तर पहाटे सहापूर्वीच जावे. त्यानंतर तो गोरेगाव-पवई असा मधला रस्ता होऊन बसतो.

कशेळे_मार्गे:

शेतशिवाराविषयी अद्याप कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. माझी सायकल घडीची आहे. पहाटेच्या कर्जत लोकलने नेरळला उतरतो आणि कशेळेमार्गे खांडसला जातो. डाव्या-उजव्या हातांना भातखाचरे, समोर भीमाशंकरच्या कड्यांची भिंत आणि मधे पेज नदी. भिवपुरीच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी या नदीत येत असल्यामुळे ती उन्हाळ्यातही वाहती असते. जुलै-ऑगस्टमध्ये लावणीनंतरची हिरवाई पाहायला जावे, मात्र मडगार्ड लावून. मी एकदा न लावता गेलो आणि परतीच्या लोकलमध्ये माझ्या शेजारी कोणी बसले नाही.

परळची_पहाट:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मांडव्याला जाऊन आलो. पंधरा मिनिटे थांबण्याचा सल्ला लाखमोलाचा ठरला. चौलपर्यंत गेलो नाही, आक्षीच्या शिलालेखापाशी मुलीने आपणहून थांबू या म्हटले आणि तिथूनच वळलो. वारा साडेबाराला सुटला. वरसोलीनंतर ती माझ्या मागच्या चाकाला चिकटून आडोशाला चालवत होती. नंतर तीच पुढे झाली आणि मी मागे. म्हैस तिला पुन्हा पाहायची आहे.

पुढच्या रविवारी वसई. वाडीतला यांना एकच विचारायचे होते: आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, रस्त्यावर कुठे मिळतात का?

वाडीतला:

दुकानात शोधू नका. आगाशीच्या बाजारात केळी विकायला बसलेल्या बायकांना विचारा. असतील तर टोपलीच्या तळाशी, केळीच्या सोपात बांधलेली असतात.